रेडिएटर बदललं आणि एसी गेला: परभणीतल्या एका गाडीचं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा, मंगळवार. सकाळी सव्वादहाला जिंतूरकडच्या एक ताई त्यांची छोटी पेट्रोल गाडी घेऊन माझ्या दुकानात आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आल्या आल्या म्हणाल्या, "भाऊ, दीडच्या आत गाडी पाहिजे. आमच्या मामांना डायलिसिसला बसवून आलेय."

मामा म्हणजे त्यांचे सासरे. आठवड्यातून तीन दिवस त्यांना परभणीला आणायचं, चार तास मशीनवर बसवायचं आणि भर दुपारी परत न्यायचं. डायलिसिसच्या माणसाला घोटभर पाणीही मोजून प्यावं लागतं. आपण उन्हातून आलो की तांब्याभर पाणी घशाखाली घालतो, त्यांना ते चालत नाही. त्यात डायलिसिस झाल्या झाल्या रक्तदाब खाली आलेला असतो. अशा माणसाला दुपारी दोनला बंद पडलेल्या एसीच्या गाडीत चाळीस-बेचाळीस किलोमीटर न्यायचं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायची गरज पडली नाही. मागच्या खेपेला झरीच्या अलीकडे गाडी थांबवून त्यांना लिंबाखाली बसवावं लागलं होतं.

मी परभणीत गाड्यांच्या एसीचं काम करतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण यात दोष सापडायला तीन दुकानं लागली, आणि तिसरं दुकान माझं असूनही दोष माझ्या हातूनही जवळजवळ निसटला होता.

तक्रार काय होती

"एसी थंड करत नाही" हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो, पण त्यावरून काहीच कळत नाही. कधी करत नाही, कुठे करत नाही, कधीपासून करत नाही, हे विचारावं लागतं. ताईंना विचारलं तर त्यांनी फार नीट सांगितलं. सकाळी सातला निघतात तेव्हा एसी चांगला असतो. परतताना दवाखान्यातून निघाल्यावर परभणी शहरात गरम हवा. जिंतूर रोडला लागून गाडी ऐंशीच्या पुढे गेली की हळूहळू थंड. बोरीच्या बाजारात गाडी अडकली की पुन्हा गरम, आणि मध्येच कुठेतरी "टक्" असा आवाज येऊन थंडावा पारच जातो.

"गावात आली की गरम फेकायलीय आणि रोडवर गेली की बरी चालायलीय. असं कसं हो भाऊ?"

हे असं कधीपासून? "एप्रिलच्या शेवटाला रेडिएटर बदललं, त्याच्या नंतरच. पण त्या मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणला, ताई, मी एसीच्या पाइपाला हातसुद्धा लावला नाही."

आणि तो खरं बोलत होता.

जुन्या रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला चीर पडली होती. कूलंट गळत होतं, म्हणून गावाकडच्या गॅरेजमध्ये पूर्ण रेडिएटरच बदलून घेतलं. त्या मिस्त्रीचं काम मी पाहिलं: होज पाइपांना नव्या क्लिपा, खालचा रबर बूश नवा, कूलंट पाण्याने पातळ न करता योग्य प्रमाणात भरलेलं. हात स्वच्छ असलेल्या माणसाचं काम होतं ते.

त्यानंतर एसीसाठी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्याने गाडी संध्याकाळी उभी करून घेतली, बोनट उघडलं, "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस टाकला. त्या रात्री जिंतूरला जाताना गाडी गार होती. दोन दिवसांनी दुपारी आधीपेक्षाही वाईट. दुसऱ्याने कंप्रेसरवर हात ठेवून सांगितलं की कंप्रेसर दमलाय, बदलावा लागेल, एकवीस हजार. ताई पैसे जमवायच्या तयारीत होत्या. त्यांच्या शाळेतल्या एका सरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

थंडावा येतो कुठून

पुढचं समजायला एवढं लक्षात घ्यावं लागेल की गाडीचा एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्यासाठी आर-१३४ए नावाचा गॅस असतो. हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशाला उकळतो. डॅशबोर्डच्या मागच्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबाखाली तो उकळतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. मग कंप्रेसर त्याला दाबतो, तो तापतो, आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये जाऊन बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो.

म्हणजे सगळी मदार त्या कंडेन्सरवर. तिथे उष्णता बाहेर गेली नाही, तर आत कितीही गॅस असला, कंप्रेसर कितीही नवा असला, तरी थंडावा मिळणार नाही. कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या अगदी पुढे. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये दोघांना मिळून एकच पंखा असतो, रेडिएटरच्या मागे इंजिनाच्या बाजूला. तो पुढून हवा ओढतो. ती आधी कंडेन्सरमधून जाते, मग रेडिएटरमधून, मग इंजिनकडे. गाडी जोरात धावत असेल तर वारा आपोआप आत शिरतो, पंख्याची फार गरज लागत नाही. गाडी उभी असेल तेव्हा मात्र सगळा भार पंख्यावर.

हे आता लिहायला सोपं आहे. त्या मंगळवारी ताईंनी हेच लक्षण मला आयतं सांगितलं होतं, रोडवर बरी आणि गावात गरम, आणि तरीही मी सरळ पंख्याकडे गेलो नाही. का गेलो नाही, ते पुढे येईल.

गेजवर काय दिसलं

सावलीत अडतीस अंश होते. आधी गाडीचं तोंड पाहिलं. आमच्याकडे जिनिंगचा हंगाम सरला तरी कंडेन्सरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ यांचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. निम्म्या गाड्यांचा एसी तेवढ्यानेच सुधारतो. इथे तो थर नव्हता, रेडिएटर काढताना त्या मिस्त्रीने जाळी धुतली होती. कंडेन्सरची पाती सरळ होती. पाइपांच्या जोडांवर तेलाचा डाग नव्हता. गॅस गळतो तिथे सोबत तेल येतं आणि त्यावर धूळ बसून काळा डाग पडतो, तसा कुठेच नव्हता. रेडिएटर बदलताना एसीच्या कुठल्या भागाला धक्का बसला असेल तर तो इथे दिसायला हवा होता. दिसला नाही, आणि मी मनातल्या मनात "रेडिएटरचा संबंध नाही" असं ठरवून टाकलं.

चूक इथे झाली. मी फक्त एसीचे भाग तपासले होते. रेडिएटरच्या कामात नेमकं काय काय उघडलं होतं, ते तपासलं नव्हतं.

गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारे काटे, लावले. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखाच, १३० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास. याचा अर्थ एवढाच की आत थोडा तरी द्रव गॅस आहे. किती आहे, ते यावरून कळत नाही. चाळीस अंशाला दोनशे ग्रॅम असो की सहाशे, बंद गाडीत काटा साधारण तिथेच उभा राहतो. फक्त हा काटा पाहून "गॅस फुल आहे" किंवा "कमी आहे" सांगणारे खूप आहेत, आणि गिऱ्हाइकाला ते पटतंही, कारण काटा दिसतो.

मग इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर चारवर, गाडी उभी. अशा उन्हात लो साइडला, म्हणजे कंप्रेसरकडे येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूला, चाळीसच्या आसपास आणि हाय साइडला, म्हणजे कंप्रेसरमधून निघणाऱ्या जास्त दाबाच्या बाजूला, सव्वादोनशे ते अडीचशे दिसायला हवं. मला दिसलं लो ६२ आणि हाय दोन मिनिटांत ३००. पाच मिनिटांनी ३८०. मग ४२०, ४४०, आणि टक्. कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच सुटला. तोच आवाज ताईंना बोरीत ऐकू येत होता. दाब फार वाढला की पाइप फुटू नये म्हणून प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. तो स्विच आपलं काम चोख करत होता. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून येणारी हवा २३ अंश.

या एका वाचनावरून दुसऱ्या दुकानाचं निदान गळून पडलं. दमलेला कंप्रेसर दाब तयारच करू शकत नाही. त्याची खूण उलटी असते, लो वर चढलेलं आणि हाय खाली बसलेलं. साडेचारशेपर्यंत ढकलणारा कंप्रेसर दमलेला नसतो. ताईंचे एकवीस हजार तिथेच वाचले.

दोन्ही बाजू चढलेल्या असतील तर मुख्य शक्यता तीन: आत गॅस जास्त आहे, आत हवा शिरली आहे, किंवा कंडेन्सरमधून उष्णता बाहेर जात नाही.

पहिल्या दुकानात वजन न करता गॅस टाकला होता हे मला माहीत होतं, त्यामुळे मी पहिली शक्यता धरली. बोनटखालच्या स्टिकरवर या गाडीचा गॅस ४०० ग्रॅम लिहिलेला. रिकव्हरी मशीनने गॅस बाहेर काढून वजनकाट्यावर ठेवला तर ५९० ग्रॅम भरला. जवळजवळ दीडपट. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचतो, मग गॅसला थंड व्हायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. दोष सापडला, असं मला वाटलं.

इथे थोडं विषयांतर करतो. गॅस मी हवेत सोडत नाही. आर-१३४ए वातावरणात शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशेपट उष्णता धरतो. किगाली इथे २०१६ साली झालेल्या करारात अशा गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं, आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली. पण व्हॉल्व्ह दाबून फुस्स करून सोडायला अर्धं मिनिट लागतं आणि मशीनने काढायला वीस मिनिटं, म्हणून अजूनही बऱ्याच ठिकाणी तो सोडूनच दिला जातो. ज्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात आपण आकाशाकडे बघत बसतो, तिथल्या कारागिराने तरी हे करू नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय गॅस काढून मोजला नसता, तर तो जास्त होता हे मला कधी कळलंच नसतं.

अर्धा तास व्हॅक्यूम मारला, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढली. त्याने दुसरी शक्यता, आत शिरलेली हवा, तीही निकालात निघाली. व्हॅक्यूमचा काटा पंधरा मिनिटं जागचा हलला नाही, म्हणजे लिकेजही नाही. मग वजनकाट्यावर मोजून बरोबर ४०० ग्रॅम भरला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन चाळीसला पोचलं होतं.

गाडी चालू केली. पहिली चार मिनिटं मी खूश होतो. हाय २४०, २५०. मग २८०. ३००. दहाव्या मिनिटाला ३३५, लो ५०, जाळीतली हवा १७ अंश. क्लच सुटत नव्हता, पण काटा थांबतही नव्हता. इथेच "झालं ताई, घेऊन जा" म्हटलं असतं तर गाडी संध्याकाळपर्यंत बरी वाटली असती आणि गुरुवारी दुपारी पुन्हा झरीच्या लिंबाखाली उभी राहिली असती.

पाण्याचा फवारा

तीनपैकी दोन शक्यता संपल्या होत्या, उरला होता कंडेन्सर. त्याची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे चालू गाडीत त्याच्यावर पाणी मारणं. मी समोर उभा राहून नळी अंगठ्याने दाबली आणि ग्रिलवर बारीक फवारा सोडला. काटा ३३५ वरून खाली घसरत २२० ला आला. म्हणजे कंप्रेसर ठीक, गॅसचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह ठीक, गॅस ठीक. उष्णता नेणारी हवाच पुरत नाही.

पण मला उत्तर मिळालं ते काट्यावरून नाही. फवारा माझ्या तोंडावर येत होता.

अंगावर पाणी आलं म्हणून मी एक पाऊल मागे झालो आणि तेव्हा लक्षात आलं की पाणी उलटं येतंय. एवढी वर्षं मी कंडेन्सरवर असं पाणी मारतोय. पंखा चालू असला की ते धुकं आत ओढलं जातं, समोरच्या माणसाचे कपडे कोरडे राहतात. इथे ते कोमट होऊन बाहेर फेकलं जात होतं. नळी टाकली आणि ग्रिलसमोर हात धरला. तळहाताला लागली ती भट्टीच्या तोंडासारखी गरम झळ. चालू पंख्यासमोर बाहेरून हात धरला तर तिथे काही जाणवायलाही नको, हवा आत जात असते.

पेपरचा तुकडा फाडून ग्रिलला लावला. तो चिकटायला हवा होता. उडून माझ्या पायाशी पडला.

पंखा उलटा फिरत होता.

पंखा "चालू आहे" हे तिन्ही दुकानांत पाहिलेलं होतं. मीसुद्धा बोनट उघडल्या उघडल्या पाहिलं होतं: पंखा फिरतोय, आवाज चांगला आहे, ठीक. भरधाव फिरणाऱ्या पात्यांची दिशा डोळ्याला कळत नाही. घरातला छताचा पंखा उलटा जोडला तर खाली वारा लागत नाही म्हणून लगेच समजतं, इथे वाऱ्याखाली बसायला कोणी नसतं. ताईंनी मला लक्षण बरोबर सांगितलं होतं आणि ते पंख्याकडेच बोट दाखवत होतं. पण माझ्या डोक्यात पंख्यासमोर आधीच बरोबरची खूण झालेली होती.

आता सगळं जुळलं. गाडी उभी असताना उलटा पंखा इंजिनाकडची गरम हवा आधी रेडिएटरमधून ढकलत होता. तिथे ती आणखी तापत होती आणि मग तीच तापलेली हवा कंडेन्सरला मिळत होती. ज्याने उष्णता बाहेर टाकायची त्यालाच शेकणं चाललं होतं. शहरातल्या तीस-चाळीसच्या वेगात समोरून येणारा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांना अडवत होते. जिंतूर रोडवर ऐंशीला समोरचा वारा जिंकत होता, म्हणून थंडावा. सकाळी सातला हवाच गार, म्हणून तेव्हा सगळं निभावत होतं. आणि पहिल्या दुकानाने गॅस टाकला तो संध्याकाळी, त्या रात्री गाडी रिकाम्या रस्त्यावर धावली, म्हणून "गॅस टाकल्यावर बरं झालं" असा भास झाला.

मग इंजिन का तापलं नाही? मला सगळ्यात जास्त फसवलं ते यानेच. पंखा उलटा असता तर इंजिन तापेल, काटा लाल रेषेला जाईल, असं कोणीही म्हणेल. पण रेडिएटरमधलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास असतं. इंजिनाकडची हवा साठ-सत्तर अंशांची असली तरी ती पाण्यापेक्षा थंडच. उलट्या दिशेने का होईना, ती रेडिएटरमधून जात होती आणि थोडी उष्णता नेत होती. पाती एका दिशेसाठी वळवलेली असल्यामुळे उलटं फिरताना हवा कमी ढकलली जाते, पण इंजिनाला तेवढी पुरली. कंडेन्सरचं तसं नाही. त्याला निदान बाहेरच्या हवेइतकी थंड हवा पाहिजेच. त्यामुळे एकाच बिघाडाने इंजिन तगलं आणि एसी मेला. नंतर विचारल्यावर ताई म्हणाल्या, "हो, गाडी बंद केल्यावर पंखा आता लई वेळ फिरायलाय, आधी असा फिरत नव्हता." हे मी सकाळी विचारलं असतं तर दोन तास वाचले असते.

वायर कुठे चुकली

रेडिएटर काढायचं तर पंख्याची चौकट आधी काढावी लागते, आणि चौकट काढायची तर पंख्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवावा लागतो. या गाडीचा कपलर उन्हाने आणि करंटने करपलेला होता, ओढताना तुटला असणार. मिस्त्रीने तो कापून टाकला आणि वायरी सरळ जोडून टेप मारला. मोटरच्या बाजूच्या दोन्ही वायरी तेल आणि धुळीने एकाच काळ्या रंगाच्या झालेल्या. अर्धी शक्यता बरोबर जोडली जाण्याची, अर्धी चुकण्याची.

कंपनीच्या कपलरला खाच असते, तो उलटा बसतच नाही. कपलर कापला की ती राखण जाते. ही मोटर साधी डीसी मोटर, आतमध्ये चुंबक. प्लस-मायनस बदललं की ती मुकाट उलटी फिरते. फ्यूज जात नाही, दिवा लागत नाही, आवाजही फारसा बदलत नाही.

टेप सोडवला. पंख्याच्या वायरी गाडीपासून वेगळ्या करून बॅटरीवर थेट लावल्या. एका बाजूने लावल्यावर पेपर चिकटला, दुसऱ्या बाजूने उडाला. ज्या बाजूने चिकटला तिच्या प्लसवर लाल स्लीव्ह चढवली. गाडीकडून येणारा प्लस मल्टीमीटरने नक्की केला. मग नवा दोन पिनांचा खाचवाला कपलर लावला, टेप नाही. असं काम करताना बोटं पात्यांपासून लांब ठेवायची, कारण इंजिन बंद असलं तरी पाणी तापलेलं असेल तर पंखा आपणहून सुरू होतो. पेपरची परीक्षाही नेहमी ग्रिलच्या बाहेरूनच करायची.

एक वाजून पाच मिनिटांनी गाडी पुन्हा चालू केली. उभ्या गाडीत, चाळीस अंशांत, पंधरा मिनिटं चालवून शेवटचं वाचन घेतलं: लो ३८, हाय २३५, आणि तो काटा तिथेच उभा. जाळीतली हवा १० अंश. पेपर ग्रिलला असा चिकटला की इंजिन बंद करेपर्यंत पडला नाही.

ताई एक वीसला आल्या. मी त्यांना पेपर दाखवला, मग वायर दाखवली. त्यांनी ती वायर बराच वेळ हातात धरली. "एवढ्यासाठी?" एवढंच बोलल्या आणि मामांना आणायला गेल्या.

त्या मिस्त्रीशी झालेलं बोलणं

संध्याकाळी ताईंकडून नंबर घेऊन मी त्या रेडिएटरच्या मिस्त्रीला फोन केला. भांडायला केला नव्हता. मी नुसतं "पंखा उलटा जोडला गेला होता" म्हटल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "भाऊ, मी पंखा फिरतोय का ते पाहिलं होतं." मी म्हटलं, मीही तेवढंच पाहिलं होतं. त्याने विचारलं, पेपर कसा लावायचा? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. त्याच आठवड्यात त्याने आणखी एका गाडीचा कपलर कापून वायरी जोडल्या होत्या. त्या मालकाला बोलावून त्याने पेपर लावून पाहिला होता. चिकटला. तरीही त्याने तिथे नवा कपलर टाकून दिला.

मला या प्रकरणात कोणाला दोषी धरायचं नाही, पण एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळीकडे दिसते. रेडिएटरवाला रेडिएटर बघतो, वायरमन वायर बघतो, एसीवाला गॅस बघतो. गाडीत मात्र हे सगळे भाग एका हाताच्या अंतरावर एकमेकांना चिकटून बसलेले असतात. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवताना कंप्रेसरच्या कॉइलची वायर दबलेली मी पाहिली आहे. बंपरच्या डेंटिंगनंतर कंडेन्सरच्या कोपऱ्याला पडलेलं छिद्र पाहिलं आहे, ते भोक टाचणीएवढं असतं आणि गॅस संपायला महिना लागतो, तोवर डेंटिंग कोणाच्या लक्षातही राहत नाही. इंजिनचं मोठं काम करताना एसीचे पाइप सोडून त्यांची तोंडं तशीच उघडी ठेवलेली असतात. त्यातलं तेल हवेतली ओल पिऊन घेतं आणि दोष पुढच्या उन्हाळ्यात वर येतो. नवा म्युझिक सिस्टिम बसवताना डॅशबोर्डमागचं ब्लोअरचं सॉकेट ढिलं राहिल्याचंही एक उदाहरण आहे.

म्हणून आता मी पावतीबुकात गाडीच्या नंबरखाली एक ओळ वाढवली आहे: मागच्या तीन महिन्यांत गाडीत कुठलंही काम झालं का, आणि त्यासाठी काय काय सोडवलं. "एसीचं काही झालं का" असं विचारत नाही. तसं विचारलं की गिऱ्हाईक प्रामाणिकपणे "नाही" म्हणतं.

गाडीमालकांनाही सांगणं आहे. एसी दुसऱ्या कुठल्या कामानंतर बिघडला असेल तर आधी गॅस भरू नका. पेट्रोल संपतं तसा एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गेला आहे, ती जागा आधी शोधायला लावा. भरायचाच असेल तर काट्यावर मोजून, बोनटच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच. आणि आधीच्या कामाची पावती सोबत न्या, तोंडी सांगण्यापेक्षा ती जास्त बोलते.

एक प्रश्न अजून माझ्या मनात आहे. ही गाडी दोन-अडीच आठवडे असा वाढलेला दाब घेऊन चालली. एवढ्या दाबात कंप्रेसरच्या आतलं तेल तापतं, सीलवर ताण येतो. त्या दिवशी कंप्रेसरचा आवाज स्वच्छ होता, पुढच्या सीलवर तेलाची ओल नव्हती. पण असं नुकसान लगेच दिसेलच असं नाही. गुरुवारी ताई पुन्हा आल्या तेव्हा मामा मागच्या सीटवर झोपलेले होते, म्हणून बोनट न उघडता नुसता पेपर लावून पाहिला आणि त्यांना जाऊ दिलं. ऑक्टोबरच्या उन्हात गाडी पुन्हा गेजला लावायची असं ठरलं आहे. तेव्हाचं लो आणि हाय या दोन आकड्यांशेजारी लिहून बघणार आहे: ३८ आणि २३५.